झाडावरची वाघळं

९ एप्रिल
बबडीला जाऊन आठवडा झाला. सात वर्षांची नात माझी — चार दिवसांच्या तापात गेली! डॉक्टर म्हणाले, "कशाने, ते तपासणी आल्यावर कळेल." मुलाला धीर नाही. तिने शाळेच्या आवारातल्या वडाखाली पडलेला, वाघळाने उष्टावलेला पेरू उचलून खाल्ला होता म्हणे. "तुझ्याच शाळेचं झाड, आई." एवढंच बोलला. ताट तसंच.

११ एप्रिल
पालक कचेरीत आले. मुलगा सगळ्यांच्या पुढे. वाघळं मारा, झाड तोडा! मुख्याध्यापिका मी, परवानगी माझीच लागते.
माळीकाका दारात उभे. तीस वर्षं त्या झाडाखाली झाडतायत. "बाई, पिल्लं अजून आईच्या पोटाला आहेत. महिनाभर थांबा. उडायला लागली की जातील."
"माझं पिल्लू थांबलं का?" मुलगा म्हणाला.
मी सही केली.

१२ एप्रिल
उद्या शाळेला सुट्टी दिली.

१३ एप्रिल
दिवसाढवळ्या केलं. ती झोपलेली होती. आधी फटाके, मग छऱ्यांच्या बंदुका. आभाळ काळं झालं. काय ती किंकाळी — माणसासारखी! पडलेली पंख पसरून फरफटत होती, हातभर लांब एकेक पंख. लोक दगडाने ठेचत होते. हसतही होते काहीजण. आमचा वाणी! तोंडाला रुमाल बांधून.
एका मेलेल्या मादीच्या पोटाला पिल्लू चिकटलेलं. माळीकाका मधे घुसले, ते सोडवून सदऱ्यात घातलं. कोणीतरी ओरडलं, "हाच पोसतो ह्यांना!" बांबू डोक्यात बसला. ते गुडघ्यावर आले. परत बसला. परत.
कोणी मारलं ते वर कचेरीच्या खिडकीतून गर्दीत दिसलं नाही.
मी जिना उतरेपर्यंत सगळे पसार. काका पालथे. पिल्लू त्यांच्याखाली चिरडलेलं.

१४ एप्रिल
मुलाच्या शर्टावर रक्त. "वाघळांचं आहे," म्हणाला. माझ्याकडे न बघता. सून म्हणाली, "राहू द्या आई, मी धुते."

१६ एप्रिल
काका शुद्धीवर नाहीत. दवाखान्यात त्यांची बायको बाकावर बसलेली. "बाई, तुम्ही होतात ना तिथे? कोण होतं?" खिडकी लांब पडते, म्हटलं. तिने माझाच हात धरला — नात गेली म्हणून मलाच धीर दिला!

१८ एप्रिल
तपासणी आली. ताप कशाचा, नक्की सांगता येत नाही. मुलाने कागद वाचला. परत वाचला. मग न्हाणीघरात गेला, नळ सोडला. तासभर बाहेर आला नाही.

१९ एप्रिल
माळीकाका गेले.

२० एप्रिल
तेरा तारखेला इथे खोटं लिहिलं. सगळं दिसलं होतं. आत्ता पोलीस ठाण्यातून आले. माझ्या मुलाचं नाव सांगितलं.