काचेमागची बशी

रविवार, ८ फेब्रुवारी १९९८, नोएडा

आज निखिलनं दिल्लीत म्युझियम दाखवलं. काचेमागे दोनशे वर्षांपूर्वीचा विलायती टी-सेट. कलशासारखी किटली, कडांना सोनेरी माळा. आणि बशी? वाटीसारखी खोल! गाइड म्हणाला, "रईस लोग इसी में डालकर पीते थे." चिरंजीव खूश. "बाबा, काय रॉयल!"

गेल्याच रविवारी स्वतःच्या बॉससमोर यानंच माझ्या हातातली बशी काढून घेतली. "बशीत ओतून नका ना पिऊ, यार, गावंढळ दिसतं." बापाला यार!

घरी सुनेनं मगमध्ये चहा दिला. आपल्या कपबशा कुठे, विचारलं. "शोकेसमध्ये लावल्यात, बाबा. छान दिसतात."

आता मलाही काचेमागे ठेवा. रॉयल दिसेन.