रकान्यातला आठ

३ ऑगस्ट १९८१, सोमवार

बोटं शाईने निळी, मान अवघडलेली. पण आज तीनशे चिठ्ठ्या पुऱ्या केल्या!

काम सांगायला सोपं आहे. शिरगणतीत दर माणसामागे एक चिठ्ठी भरलेली. नाव, वय, गाव, जन्म कुठला, मातृभाषा काय. भाषेच्या पुढे एक रिकामा रकाना असतो, त्यात आम्ही त्या भाषेचा आकडा टाकायचा. आकडे पुस्तकात छापलेले आहेत. कन्नड पाच. मराठी आठ. उर्दू पंधरा. दोन दिवसांत पाठ झाले. आता हुबळीच्या ऑफिसातून घरी परतताना बसमध्येही तेच डोक्यात — कंडक्टर पाच, शेजारची बाई पंधरा, खिडकीशी मी आठ. आमचे अण्णा आठ, पण भाजीवाली लक्कव्वा दारात आली की घासाघीस करताना पाच होतात!

अण्णांना हे सांगितलं तर पोटभर हसले. तीस वर्षं मराठी शाळेत शिकवलंय त्यांनी, याच धारवाडात. मग एकदम गंभीर होऊन म्हणाले, "आपली माणसं नीट मोज हं, लीला. आधीच मूठभर. गळायला नकोत."

६ ऑगस्ट

बाळाचार्यांनी आज सगळ्यांना उभं करून बजावलं. ते आमचे सुपरवायझर. टोपी, गोपीचंदन, आणि आवाज असा की पंखासुद्धा दचकतो. "चिठ्ठीतलं नाव-गाव बाहेर कुणाला सांगायचं नाही. कायदा आहे. नवऱ्याला नाही, आईला नाही!" मला दोन्ही नाहीत, त्यामुळे मला सोपं.

दुसरी गोष्ट लाल वहीची. पुस्तकात नसलेली भाषा आली तर चिठ्ठी बाजूला काढायची, लाल वहीत गठ्ठा, गाव, भाषा नोंदवायची, तीन प्रती करायच्या, मग वरच्या कचेरीला विचारायचं. प्रत्येकाच्या टेबलावर एकेक कोरी लाल वही आली. एका नोंदीला पाव तास तरी जाईल. आणि रोजच्या तीनशे भरल्या नाहीत तर पुढच्या महिन्याच्या यादीत नाव नाही. आमची नोकरी महिन्या-महिन्याची. एकतिसाव्या वर्षी पहिल्यांदा मिळालेली आहे मला. घालवायची नाही.

१२ ऑगस्ट

आज एका गठ्ठ्यात ओळीने नऊ चिठ्ठ्या. मातृभाषा — घिसाडी.

घिसाडी म्हणजे ते रस्त्याकडेला पाल ठोकून लोखंडाचं काम करणारे. त्यांची भाषा निराळी असते? आमच्याकडे विळीला धार लावायला गोदूबाई येते, ती तर मराठीच बोलते. मोडकंतोडकं, पण मराठी. पुस्तक चाळलं. घिसाडी नाही. घड्याळ बघितलं, चार वाजून गेलेले. साठ चिठ्ठ्या बाकी.

नऊच्या नऊ ठिकाणी आठ टाकला.

घरी आल्यावर अण्णांना म्हटलं, "आज नऊ मराठी वाढवले." ते म्हणाले, "वाढव, वाढव!" आम्ही दोघं हसलो.

२ सप्टेंबर

आणखी सहा घिसाडी. आठ, आठ, आठ... हात थांबतसुद्धा नाही आता.

१९ सप्टेंबर

एकटीदुकटी चिठ्ठी येते अधूनमधून. कुठल्या तालुक्याची तेही बघत नाही. लाल वही कोरी. तिच्यावर मी पाण्याचा तांब्या ठेवते.

५ ऑक्टोबर, सोमवार

सुट्टी घेतली होती, दसऱ्याची साफसफाई. दुपारी गोदूबाई आली. खंडेनवमीच्या आधी ती येतेच. अंगणात ऐरण रोवून बसली. नवरा भात्याला असायचा, आज नव्हता. पाय सुजलेत म्हणे त्याचे.

ती माझ्या आईच्या वयाची. मला अक्का म्हणते आणि मी तिला अगंतुगं करते. लहानपणापासूनची सवय.

विळी घासता घासता म्हणाली, "अक्का, तू शिरगणतीच्या हापिसात हाईस न्हवं?"

म्हटलं, "हो. का गं?"

"मास्तर आल्ता पालावर. इचारला, घरात काय बोलता? मी सांगितलो, आमची घिसाडी. तो म्हटला, मराठी लिवतो की. मी म्हटलो, न्हाई! घरात बोलतो तेच लिव. लिवला बघ! माझ्यासमोर लिवला."

काय तो चेहरा! साठीची बाई, पण शाळेत पहिला नंबर आल्यासारखी माझ्याकडे बघत होती. मी विळीकडे बघितलं.

मग खरं कारण निघालं. तिला एक धाकटी बहीण आहे, पारूबाई. दोघी सौंदत्तीच्या जत्रेत, पालात जन्मलेल्या. पारूबाई महादेव नावाच्या घिसाड्याला दिली. बहात्तरच्या दुष्काळात दोन्ही पालं दोन वाटांना गेली ती गेलीच. नऊ वर्षं झाली. बाजार धुंडाळले, जत्रा धुंडाळल्या. पत्ता कुणाला विचारणार? पालाला कसला आलाय पत्ता!

"मास्तर म्हटला, कुठल्या तालुक्यात कुठली बोली ते समदं हापिसात कळतंय. एवढं सांग अक्का. आमची बोली कुठं कुठं लिवली हाय? तिथं जातो मी. घरं ती किती आमची! पारू तिथंच असंल."

किती चिठ्ठ्या गेल्या माझ्या हातून? पंचवीस? तीस? आणि सगळ्या आता मराठीच्या लाखांत. कुठून काढू?

म्हटलं, "सांगता येत नाही, गोदूबाई. कायदा आहे."

कायदा! काय बरं वाटलं मला त्या शब्दाच्या आड उभं राहायला! ती लगेच मान हलवून म्हणाली, "असंल, असंल. सरकारचं काम हाय." उलट मलाच समजावलं तिने.

७ ऑक्टोबर

खंडेनवमी. विळी, सुरी, अडकित्ता, अण्णांची कात्री, सगळी हत्यारं पाटावर मांडली. अण्णा म्हणाले, "तुझं पेन ठेव की. तुझं हत्यार तेच."

ठेवलं नाही. विसरले म्हणून सांगितलं.

२१ ऑक्टोबर

जेवणाच्या सुट्टीत गोदामात गेले होते. छतापर्यंत गठ्ठे! सुतळीने बांधलेले, सगळे सारखे. शिपाई यल्लाप्पा विचारायला लागला, "एन बेकु अक्का?" काय हवं म्हणून सांगू? काही नाही म्हटलं आणि परत फिरले.

लाल वही लिहिली असती तर एका पानात सगळं उत्तर होतं. गठ्ठा, गाव, भाषा. पाव तास. पाव तासाची चोरी केली मी, आणि वर मराठीची सेवा म्हणून मिरवलं!

२२ ऑक्टोबर

आज एक आली. घिसाडी, मुंडरगी, सात वर्षांचा मुलगा. लाल वही उघडली. पेन टेकवलं. पण पहिल्याच पानावर ऑक्टोबरची तारीख बघून बाळाचार्य विचारतील, याआधी एकही नाही? मग मागचं सगळं निघेल.

आठ टाकला. माझ्यासारखी भित्री बाई दुसरी नसेल.

१४ जानेवारी १९८२, संक्रांत

आज जे केलं ते लिहायला हात धजत नाही. पण कुठे तरी सांगायला हवं.

गोदूबाई आली. मध्ये दिवाळीतही येऊन गेली होती, तेव्हा मी आत बसून राहिले आणि अण्णांना "ती ऑफिसात गेलीय" म्हणायला लावलं. आज दारातच गाठलं तिने. हातात नवंकोरं उलथणं. "तुझ्यासाठी केलो अक्का. पैसे नगं." दांड्याला वेलीसारखा पीळ दिलेला. किती वेळ ठोकत बसली असेल!

काही विचारलं नाही. तिळगूळ घेतला आणि पायरीवर बसून राहिली. मग एवढंच म्हणाली, "म्हातारा काय लई दिवस काढत न्हाई. त्याच्यामागं मी कुणाशी बोलू गं माझ्या बोलीत? पोरं कन्नडच बोलत्यात. एक पारूच हाय."

मला ते ऐकवेना. तिने उठून जावं, एवढंच वाटत होतं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "रोण. रोण तालुक्यात आहेत बघ घिसाडी."

कुठून आलं ते नाव? रोणच्या गठ्ठ्यात कधीतरी पाहिल्यासारखं वाटत होतं. वाटत होतं, एवढंच! पण सांगितलं असं, जसं काही कागद समोर आहे.

तिने माझ्या गालांवरून हात फिरवला आणि कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. भेगाळलेली बोटं, गाल चरचरला माझा.

१७ जानेवारी

रेल्वे फाटकापलीकडे तिचं पाल असायचं तिथे जाऊन आले. पाल नाही. राख, चार गंजके खिळे, आणि ऐरण रोवायचा खड्डा. पानपट्टीवाला म्हणाला, परवाच गेले. म्हाताऱ्याला गाडीत निजवून नेलं. "रोणला जातो म्हणत होती. लई खुशीत होती."

आजारी माणसाला घेऊन! शंभर किलोमीटर! बैलगाडीने!

२४ जानेवारी, रविवार

अण्णांना सगळं सांगितलं.

ते ऐकत राहिले. मी म्हटलं, "रागवा तरी." तर म्हणाले, "पंचावन्न साली एका इन्स्पेक्टरने माझ्या वर्गातली अकरा मुलं कन्नडच्या रकान्यात घातली होती. घाईत होता. महिनाभर भांडलो मी त्याच्याशी. काय काय बोललो त्याला!" मग कपाकडे बघत म्हणाले, "आणि मीच तुला वाढव म्हटलं."

चहा तसाच ठेवून बागेत गेले. माझं पाप त्यांनी वाटून घेतलं, आणि मला त्याने जास्तच लाज वाटली.

८ फेब्रुवारी

बाळाचार्यांनी आज चौदाही टेबलांवरच्या लाल वह्या गोळा केल्या. एकेक उघडून सगळ्यांना दाखवली. कोरी. कोरी. कोरी. माझ्या वहीवर तांब्याचा गोल डाग, आत कोरी.

"पाच लाख चिठ्ठ्या," ते म्हणाले, "आणि एकही भाषा अशी नाही जी पुस्तकात नाही? इतका सरळ आहे होय आपला जिल्हा?"

मी उभी राहिले. "माझ्याकडे आल्या होत्या सर. घिसाडी. मी आठ टाकला." एवढंच म्हणणार होते, पण रडूच फुटलं. सगळ्यांसमोर! तेरा जण माना खाली घालून टाक पुसत बसले. त्यांच्याही वह्या कोऱ्याच होत्या.

बाळाचार्य ओरडतील वाटलं होतं. आवाज न चढवता म्हणाले, "अळबेडम्मा, रडू नका. रडून खाडाखोड होत नाही. तुमचे सगळे गठ्ठे परत काढा. चूक लाल शाईने दुरुस्त करा, प्रत्येक ठिकाणी सही करा." आणि मग, "मार्चच्या यादीत तुमचं नाव नसेल. ते माझ्या हातात नाही."

म्हटलं, "हो सर." आश्चर्य म्हणजे त्याचं काहीच वाटलं नाही.

१२ फेब्रुवारी

रोणचे सगळे गठ्ठे आधी काढले. यल्लाप्पाने उतरवून दिले, मी एकेक चिठ्ठी बघितली. दोन वेळा बघितली.

एकही घिसाडी नाही. एकसुद्धा नाही!

१३ फेब्रुवारी

आज काही लिहीत नाही.

१६ फेब्रुवारी

मुंडरगीतला तो मुलगा सापडला. आठ खोडला, सही केली, लाल वहीत लिहिला. त्याचे आई-बाप, आजी, सगळे सापडले. तेही माझेच आठ. आजीचं नाव वेगळं. दर चिठ्ठी उलटताना पारूबाई निघावी असं वाटतं आणि निघू नये असंही वाटतं. निघाली तर मी काय तोंड दाखवू?

आज बावीस झाल्या. सही करून करून माझंच नाव मला नकोसं झालंय.

१९ फेब्रुवारी, शुक्रवार

कलघटगी तालुका. पारूबाई. वय बावन्न. जन्म सौंदत्ती. कुटुंबप्रमुख महादेव. मातृभाषा घिसाडी. पुढे माझ्या अक्षरातला आठ, चांगला वळणदार. मुक्काम — बाजारकट्ट्यामागे, पाल.

कलघटगी! धारवाडहून बसने तासाभराचा रस्ता. आणि मी त्या बाईला उलट्या दिशेला पाठवलं.

चिठ्ठीतलं नाव-गाव बाहेर कुणाला सांगायचं नाही, असा कायदा आहे. सकाळी सहाला रोणची बस आहे. अण्णाही येतो म्हणतात. बाजार, नाके, रस्त्याकडेची पालं, जिथे ऐरणीचा आवाज येईल तिथे उतरायचं — आणि सांगायचं.