प्यादेमात

शके १७००, श्रावण शुद्ध प्रतिपदा

व्याह्यांनी प्यादं खाल्लं. खाणारच. दुसऱ्याच चालीला मी ते फुकट पुढे केलं होतं. खाणाऱ्याचा राजा उघडा पडतो. हा माझा स्वतःचा शोध.
हरलो, पण शोध खोटा नाही. नागपंचमीसाठी लेकीला, श्यामलेला, माहेरी न्यायला गेलो होतो. व्याही श्रीधरपंत हसत म्हणाले, एक डाव जिंका आणि न्या. घरी येताच परसातल्या आंब्याला झोका बांधला.

द्वितीया

पुन्हा काळ्या सोंगट्या. पहिली चाल मुलाकडच्यांची, ही त्या घरची रीत. बरंच झालं. माझा शोध काळ्यांसाठीच आहे.
प्यादं दिलं, घोडा दिला, हत्तीही दिला. हल्ला देखणा झाला. हरलो.
श्यामला सासऱ्यांपुढे पाण्याचा तांब्या ठेवून गेली. नातू होईपर्यंत मला त्या घरचं पाणी चालत नाही. तिनं पटाकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. वाळली आहे. श्रावणातले उपास.

तृतीया

हरलो. उजेड कमी होता.
ही म्हणाली, अहो, हात जोडून मागा की लेक. प्यादी कसली वाटत बसलात? हिला डावपेच कळत नाहीत. मागून आणलेली लेक वेगळी, जिंकून आणलेली वेगळी.

चतुर्थी

शोध खरा ठरला. राजा कोपऱ्यात सापडला. वजिराची एक चाल, की मात. श्यामला दाराशी येऊन उभी होती. काखेत गाठोडं. श्रीधरपंत म्हणाले, संपवा व्याही, पोर ताटकळली आहे.
पण वजिरानं काय, कोणीही मारतो. प्याद्यानं मारलं तर पेठेत नाव होतं. दोनच घरं राहिली होती. वजीर बाजूला घेऊन प्याद्याला वाट करून दिली.
प्यादं एक घर सरकलं, तोच त्यांचा उंट आला. प्यादं गेलं. मग शह, पुन्हा शह, आणि मात मलाच.
श्रीधरपंतांनी पट आवरला. मग म्हणाले, शब्द तो शब्द, दिवाळीला बघू. मी दाराकडे पाहिलं. श्यामला आत गेली होती.
प्यादं एकच घर दूर होतं. दिवाळीला नक्की.

पंचमी, सकाळ

शेजारच्या मुली आल्या. श्यामला कुठे आहे, विचारत होत्या. मी झोका सोडून ठेवला.