महेशच्या वाटचं टोपलं

वैशाखातला सोमवार, दिवेलागण. तलावांच्या मुलखातलं गोरेगाव.

मी सांगून राहिली, नातसून लिहून राहिली. बाई, नवरा तुझा आहे म्हणून माझ्या शिव्या गाळू नको.

आपल्या सरकारनं आफ्रिकेतल्या एका देशाला हायवेसाठी कर्ज दिलं. अट अशी, की कंपनी आपलीच पाहिजे. म्हणून आमचा नातू महेश तिकडं मशीन चालवते. आज मोठ्या हौसेनं फोनवर काम दाखवत होता. मशीनमागं एक तलाव दिसला, कोरडा. पाणी अडवणारी मातीची पाळ अर्धी कापलेली. काठावर माझ्याच वयाची म्हातारी रिकामी घागर घेऊन उभी.

"काऊन रे, पाळ कोनं फोडली?"

"मीच, आजी. भरावाले माती पाहिजे होती. कर्ज आपलंच आहे ना!"

अरे, कर्ज आपलं, पण पाळ तिची! कोहळी जातीतला पोरगा तू. बापजाद्यांनी तलाव बांधले, अन् तू पाळ कापली? पैसे दिले म्हणजे दुसऱ्याचं पाणी सांडायचा हक्क मिळते काय?

महेश म्हणते, "रस्ता किती मोठा होऊन राहिला, पाहा ना." पाहिला. तेवढ्याच मोठ्या रस्त्यानं ती घागर आता पाण्याले जाईल.

आमच्या घरात पावसाआधी प्रत्येकाच्या वाटचं एक टोपलं माती तलावाच्या पाळीवर पडते. महेश गेल्यापासून त्याचं मीच टाकते. यंदा नाही टाकणार. आधी तिची पाळ भर, म्हणावं.

ही लिहिता लिहिता थांबली. हळूच विचारते, "आजी, त्याचं मी टाकू काय?"

लावून तर पाहा हात टोपल्याले! आणि हेही लिही.