खांडीतली अकरा माणसं

४ ऑक्टोबर १९८२
आलो एकदाचा! खांदेश्वरच्या पुढे, खाडीकाठी, मिठागराच्या मालकांचा हा जुना बंगला. आता त्याचं संग्रहालय होतंय आणि वस्तूंखालच्या पुठ्ठ्याच्या पाट्या लिहायला मी, मराठीचा निवृत्त मास्तर. राहायला माडीवर खोली. कळंबोलीत मुलाच्या दीड खोलीत सून माझ्या पुस्तकांवर भाजी निवडायची. इथे सागवानी खिडकीत अख्खी खाडी! सकाळी चौथीतली भरतीची कविता खड्या आवाजात म्हटली. झाडलोट करणाऱ्या शेवंताबाई हसल्या. म्हणाल्या, "मास्तर, भरती कवितेतच बरी."

७ ऑक्टोबर
दिवाणखान्यात एक मोठा फोटो आहे. १९३१चं उधाण, बांधाला खांड पडलेली, आणि त्या भगदाडात हात गुंफून पाणी अडवणारी अकरा माणसं. मागून माती पडेपर्यंत असं उभं राहायचं आणि मग बाहेर निघायचं, ही इथली रीत. तिसरा तो शेवंताबाईंचा आजा, नामा. त्या सांगत होत्या, धन्याने त्यांना निघूच दिलं नाही. मिठाच्या राशी वाहून जातील म्हणून जित्या माणसांवर माती लोटायला लावली. अकराही नावं बाईंना तोंडपाठ. गावात दुसऱ्या कुणालाच आता आठवत नाहीत. ऐकलं तसंच पाटीवर उतरवलं. नावं उद्या विचारून घालीन.

८ ऑक्टोबर
मालकांचे नातू जयप्रकाश. पाटी टराटरा फाडली त्यांनी! म्हणे, मास्तर, कविता तुमची, इतिहास आमच्या घरचा. 'स्वेच्छेने बलिदान' लिहा, नाहीतर खोली सोडा. अंगाचा तिळपापड झाला.
आणि लिहिलं. मुकाट. वळणदार अक्षरात.

११ ऑक्टोबर
सलग तिसऱ्या सकाळी 'स्वेच्छेने'वर चिखलाचा पंजा. तिन्ही वेळा पुसून पुन्हा लिहिलं. आज शेवंताबाईंवर ओरडलो, की राग असेल तर तोंडावर बोला! त्या उसळल्या: "मना वाचता आलं असतं तं तुमाला कशाला सांगितला असता?" उर्मट बाई! जयप्रकाशांना सांगून कामावरून काढायला लावलं. जाताना पायरीवर थुंकल्या.

१३ ऑक्टोबर
पाटीवर काच बसवली. चिखल काचेच्या आतून आहे.
बाई नाहीत. मग कोण?

१५ ऑक्टोबर
भरदुपारी पाहिलं. फोटोतली तोंडं खाडीकडे होती. आज माझ्याकडे आहेत. एकमेकांचे हात सोडलेत त्यांनी.
धावत शेवंताबाईंच्या घरी गेलो. कुलूप. लेकीकडे गेल्या, लेक कुठल्या गावी, शेजाऱ्यांना ठाऊक नाही. एका खोलीसाठी काय केलं मी! थू माझ्यावर —

१७ ऑक्टोबर, अमावास्या, दुपार
उधाण. दिवाणखान्याच्या भिंतीतून खारं पाणी. 'स्वेच्छेने' फोडून टाकलं, काचेसकट. तरी दार उघडत नाही — पलीकडून मातीने भरलंय —

आले. अकराही. किती संतापलेत — पण मारत नाहीत. कोरी पाटी पुढे धरतात फक्त.

लिहितो. खरं लिहितो रे बाबांनो — माती गुडघ्यापर्यंत —

तेवढं नको त्यांना. नावं हवीत. प्रत्येक जण आपल्या छातीवर हात आपटतो — माझं लिही — माझं — बोलता येत नाही, तोंडात चिखल — मला एकच ठाऊक — बाईला मीच घालवलं, मीच —

माती कमरेला —

१. नामा
२.