तरीच्या उतारावरची जागा

५ ऑक्टो., रविवार

बाबूने दोन्ही जागा आज पुन्हा मापल्या. सुरूचं बन सकाळी, तरीचा उतार दुपारनंतर. टेपचं टोक धरायला मी. गुडघा ठणकतो आहे.

त्याला पाण्याकाठी तंबू लावायचे आहेत, शहरातल्या माणसांना राहायला. मुंबईचं काम सुटलं तेव्हापासून डोक्यात हेच. पाण्याला लागून आपल्या दोनच जागा. बन समुद्राच्या तोंडावर. उतार आत खाडीवर, जिथे माझी होडी लागायची. पूल झाला, माझी तर, म्हणजे माणसं पलीकडे न्यायची होडी, बंद पडली, तेव्हापासून उतारावर कोणी जात नाही. मी जातो.

मी म्हटलं, बनात लाव.

"कित्याक?"

"उतारार डास आसत."

"डास बनात पण आसत, बाबा."

"फुरशी आसत."

"बाबा, खरा काय तां सांगा."

मी टेप गुंडाळली. आज गोळी घेतली की नाही, आठवत नाही. दोनदा घेतली तर काय होतं?

८ ऑक्टो.

हाक १. दुपारी. जेवून उतारावर बसलो होतो. पलीकडून.

ओ दिली नाही. पाणी सपाट, वारा नाही. पलीकडे तिवरांशिवाय काही नाही. पाणंद कधीच बुजली. तिकडचं माणूस आता पुलावरून येतं, रिक्षाने. खाडीवर येऊन कोण कशाला हाक मारेल.

घरी आलो, दार लावून घेतलं. पुलापलीकडचा माझा दोस्त दाजी परब चहाला आला, दार वाजवून वाजवून दमला. "काय रे तारी, दिवसाचो दार लावन झोपतास? चोर येतलो तो तुझी कवळी नेतलो?" कवळी त्याला आहे, मला नाही.

त्याला तंबूचं सांगितलं. बाबूला उतारच आवडतो म्हटलं. दाजी म्हणाला, "मगे उतारारच लाव. वर पाटी मार, हयसर भुतां आसत. पुण्याची माणसां रांग लावतली." आणि हसला. मी बशीतला चहा सांडला.

१० ऑक्टो.

लिहावं की नाही. लिहितो, माझ्यापुरतं.

तरीवर पहिल्या दिवशी वडिलांनी वल्हं हातात दिलं आणि एवढंच सांगितलं. पलीकडून हाक आली की उठू नको. दुसरी आली तरी उठू नको. तिसरी आली की ओ दे. आणि ओ दिलीस की होडी सोड, मग पाऊस असो की अंगात ताप असो. जितं माणूस तीनदा हाक मारतं. दुसरं जे असतं ते तीनदा मारत नाही.

गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. पलीकडे आलेला माणूस निवांत विडी पेटवायचा आणि तीन हाका घालायचा. कोणी रागावत नसे.

एक सोडून. बाबूची आवस. तिचं माहेर पलीकडे. माझं नाव घ्यायची नाही, म्हणून मुलाच्या नावाने हाक. "बाबूऽऽ!" आणि बाबू तिच्याच कडेवर, कानाशी ओरडल्यावर दचकून रडणारा. सगळ्या खाडीला माहीत, ही नवऱ्याला बोलावते आहे. तरी तिलाही तीनदाच. होडीत पाय ठेवल्यापासून सुरू व्हायची. "माजो आवाज वळखाक येना नाय? दुसरी खंयची सटवी तुमका बाबू म्हणान हाक मारतली?" मी खाली बघून वल्हं मारायचो. ती खाडीत हात घालून माझ्यावर पाणी उडवायची.

ती गेली त्याला दोन पावसाळे झाले. हाक श्रावणापासून. महिन्यातून एकदा, कधी दोनदा. दर वेळी एकच. बाबूऽऽ.

मी थांबतो. दुसरी येत नाही.

१४ ऑक्टो., मंगळ

बनात एक तंबू लावून बघितला. बाबूची हौस बघवत नव्हती. जमीन झाडली, काटेकुटे काढले, खुंट ठोकले, आत जाऊन झोपूनसुद्धा बघितलं. मी मनात देवीला म्हटलं, इथेच टिकू दे.

दुपारनंतर वारा सुटला. तंबू उपटून गेला तो भाटल्यांच्या कुंपणात. एक बाजू फाटली. तिथल्या विहिरीचं पाणी बाबूने तोंडात घेतलं आणि थुंकलं. मचूळ. मला ते आधीच माहीत होतं. सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी रेश्माचा फोन. सून माझी, तिकडे डोंबिवलीला आहे मुलीच्या शाळेसाठी. बाबूने फोन मोठ्याने लावला होता. "दिवाळीपर्यंत काय ते ठरवा. पनवेलच्या गोदामातली नोकरीची जागा ते किती दिवस अडवून ठेवतील? इकडे जमतंय तर आम्ही मे महिन्यात सामान घेऊन येतो. नाही तर तुम्ही या."

बाबू फाटलेला तंबू मांडीवर घेऊन दाभणाने शिवत बसला होता. दोरा ओवायला त्याला चष्मा लागतो हे मला आजच कळलं.

१७ ऑक्टो.

उतारावर लाव म्हणून सांगितलं.

तो चुलीपाशी होता. वळून बघितलं. "खराच?" लहानपणी होडीत बसायला मिळालं की असा बघायचा.

तो गेला तर घरात मी एकटा. भिंतीवर तिचा फोटो आणि खाली मी. तसं नको मला. पण उतारावर तो दिवसरात्र असणार. तिथे

आणि दुसरं एक आहे. तिथे माणसं आली, दिवे लागले, गाणी सुरू झाली, तर हाक यायची थांबेल. ते मला हवं आहे की नको? काल उतारावर दिवसभर बसलो होतो. आली नाही. घरी परतताना पाय जड.

२१ ऑक्टो.

लक्ष्मीपूजन. उतारावर चार तंबू उभे झाले. उंडीच्या झाडाखाली, चिऱ्यांच्या पायऱ्यांच्या वर, भरतीचं पाणी पोचणार नाही इतक्या उंच. जागा खरंच देखणी दिसते. वरच्या विहिरीचं पाणी गोड. कुठूनतरी जुनी कयाक आणली आहे, लाल रंगाची. माझ्या होडीशेजारी बांधली. होडी एकदम म्हातारी दिसायला लागली.

कामं करून त्याचे हात सोलले आहेत. बायकोला फोनवर म्हणत होता, "तू बघशील तर वेडी होशील."

मी जाऊन नारळ ठेवला. पलीकडे तोंड करून.

२५ ऑक्टो., शनि

पहिली माणसं आली. पुण्याची चार, दोन मुलगे, दोन मुली. बरी आहेत. चपला बाहेर काढून ओटीवर आली, मला नमस्कार केला.

पण हाक एकदाच मारतात. "दादा!" की बाबू धावला. "दादा, चार्जर!" धावला. "दादा, पाणी!" धावला. मी बसल्या जागी दचकतो. माझ्या पोटात दर वेळी मोजणी सुरू होते, आणि एकवरच थांबते.

एका मुलीने तरीबद्दल विचारलं. सांगितलं तीन हाकांचं. का ते नाही सांगितलं, म्हटलं आमची पद्धत. त्यांना ते फार आवडलं. मग संध्याकाळभर तेच. "आजोबाऽ चहाऽ! आजोबाऽ चहाऽ! आजोबाऽ चहाऽ!" आणि हसणं. बाबूपण हसला. मीपण.

दिवेलागणीला त्यांच्यातला एक मुलगा पाण्याकडे बघून म्हणाला, "तिकडे कुणीतरी आहे का? कुणीतरी हाक मारल्यासारखं वाटलं." बाकीचे गाणी म्हणत होते. मी म्हटलं, बगळा असेल. मला स्वतःला काही ऐकू आलं नव्हतं.

मला का नाही आलं?

२८ ऑक्टो.

आज बाबूला सांगितलं. अर्धंच. उतारावर पलीकडून हाक आली तर तिसरीपर्यंत थांब, एवढं. तुझ्या आवशीचं नाही सांगितलं.

"बाबा, तिसऱ्या हाकेपर्यंत गिऱ्हाईक दुसऱ्या कॅम्पार जायत."

"गिऱ्हाईकाचा नाय सांगणय मी. पलीकडल्याचा सांगतंय."

"पलीकडल्यान पण गिऱ्हाईक येयत की. माझो धंदोच ओ देवचो आसा. तुमचो नाय देवचो होतो."

चिडून नाही म्हणाला. मस्करीत. मग माझ्या गुडघ्याला तेल लावून दिलं. त्याच्या हाताला तिच्यासारखाच जोर.

२ नोव्हें., रवि

बाबू तिन्हीसांजेला घरी आला, कमरेपर्यंत भिजलेला. मी तुळशीपुढे दिवा लावत होतो.

"बाबा, पलीकडे कोणतरी बाई इली होती. हाक मारल्यान. मी ओ दिलंय, कयाक घेवन गेलंय. कोणच नाय थंय. नुसतो चिखल."

काडी बोटाला लागली.

"काय म्हणान हाक मारल्यान?"

"बाबू म्हणान."

"किती वेळा?"

"एकदाच. दुसऱ्यांदा कित्याक मारतली? मी ओ दिलंय ना."

आवाज ओळखीचा होता का, विचारलं. तो टॉवेलने डोकं पुसत होता. पुसतच राहिला. मग म्हणाला, "पाणी तापवा, आंगघोळ करतंय."

श्रावणापासून मी समजत होतो की ती मला बोलावते.

४ नोव्हें.

दाजीकडे गेलो. विचारलं, पहिल्या हाकेला कोणी ओ दिली तर काय होतं, तुझ्या ऐकण्यात आहे का कोणी? आधी म्हणाला, "कोणी दिली, तू? हाक सुंदर बाईची होती तर देवक व्हयी होती." मग माझ्या तोंडाकडे बघितलं.

सांगितलं सगळं.

हसला नाही. तंबाखू मळत होता ती तशीच हातात. "आवस आसा ती त्याची," म्हणाला. "आवस कशी काय करतली?" थोड्या वेळाने पुन्हा तेच म्हणाला. मग मला पुलापर्यंत सोडायला आला. कधी येत नाही.

आई आहे हे खरं. पण बाबू तापाने फणफणला की ती त्याला कुशीत घेऊन झोपायची, मला हात लावू द्यायची नाही. माझो तो, म्हणायची.

६ नोव्हें., गुरु

बाबू बरा आहे. ताप नाही, खोकला नाही. मासे चवीने खाल्ले. पुढच्या शनिवारी सहा माणसं येणार म्हणून खुशीत.

मी म्हटलं, उतार सोड. बनात सुरूंना दोर बांधून लावू, वारा अडवायला झावळ्यांचा कुड करू, पाणी मी वरून आणून देईन. गुडघ्याचं बघू.

"बनात नको, बाबा. माका पलीकडली जागा गावली."

"खंयची?"

"पलीकडली. तिवरांच्या मागे माड आसत, सावळी आसा. उतारापेक्षा बरी. लोकांका एकांत व्हयो असता. थंय दोन तंबू लावया, नि हयसून होडीन न्हेवया. तुमची तर परत सुरू."

"ती जागा तुका कोणी दाखवली?"

"दाखवक कित्याक व्हयी? बघून इलंय." 

कोणाची जमीन, कोणाला विचारलं, काही सांगत नाही. रोज दुपारी कयाक घेऊन जातो, कोयता घेऊन. पाणंद मोकळी करतो म्हणाला. त्या पाणंदीच्या टोकाला तिच्या माहेरचं घर होतं. आता चौथरासुद्धा नाही. हे त्याला मी कधी सांगितलेलं नाही. तिने सांगितलं असेल, तो लहान असताना. सांगितलंच असेल.

हाक नाही. तो पहिल्यांदा गेला तेव्हापासून नाही. मला ऐकू येत नाही म्हणून येत नसेल असं थोडंच आहे.

८ नोव्हें.

रेश्माला फोन करून सांगावं का? काय सांगणार? नवरा खूश आहे, जेवतो, काम करतो. ती म्हणेल, मग रडताय कशाला?

तरी केला. म्हटलं, मे महिना कशाला, आताच या चार दिवस. ती म्हणाली, "बाबा, शाळा आहे. ते काल फोनवर किती छान बोलत होते. किती दिवसांनी." आणि तीच रडायला लागली, आनंदाने.

संध्याकाळी बाबू अंधार पडायच्या आत आला. मी पायऱ्यांवर बसलेलो. "बाबा, माझी वाट बघूक नको रोज," म्हणाला. केसांत तिवराचं पान होतं. काढलं.

९ नोव्हें., रवि, उतारावर

वही आज बरोबर आणली आहे. घरात बसवत नाही.

बाबू सकाळीच पलीकडे गेला. पेज पिऊन. दुपारच्या जेवणाला येतो म्हणाला. ऊन कलंडलं. तिथे फोन लागत नाही, आज लागला नाही तर नवल नाही. पाचसहादा करून बघितला. कयाक इथून दिसत नाही. तिवरांत आत घातली असेल, सावलीला.

ओहोटी आहे. चिखल उघडा पडला आहे. माझी होडी त्यात तिरकी.

आत्ता हाक आली.

"बाबाऽऽ."

एकदा. पलीकडून, माडांच्या बाजूने. बाबूचाच आवाज. बाबूचाच वाटला.

मी उठलो. उभा राहिलो. दुसरीसाठी थांबलो नाही. आयुष्यात पहिल्यांदा. बाबूने कुठे तीनदा हाक मारायची, त्याच्या वयाची माणसं एकदा मारतात, ओ आली नाही तर निघून जातात. मग ती पनवेलला जातात, कुठेही जातात. मी थांबलो असतो आणि तो खरंच असता तर?

ओ दिली. जोरात. आवाज फाटला, पण पोचला असेल. खाडीवर पोचतो.

तिकडून काही नाही. बगळे उडाले आणि परत बसले.

दाजीला फोन केला. ये म्हटलं, आत्ता. "इलंय," म्हणाला, "हलू नको थंयसून." पुलावरून यायला त्याला वेळ लागेल. पायाने तो माझ्यापेक्षा अधू.

होडी ढकलून बघितली. जागची हलत नाही. भरती लागली आहे, तोंडाकडून पाणी आत येताना दिसतं, चिखलातल्या चरांतून, अगदी बारीक. वल्हं आत ठेवलं आहे. भाकरी बांधून घेतली आहे, सकाळच्या पेजेवरच असेल तो. पाणी होडीच्या बुडाला लागलं की