कॉर्विनच्या ट्रकला पाडलेली भोकं

ट्रेसा,

शेजारच्या लेलंडची ड्रिल परत करायला चाललेय, दुपारी येते. ट्रेलर जोडायची कडी ट्रकमध्ये बसवून झाली आहे.

काल जेवताना तू ही कडी बसवायचा विषय काढलास, तेव्हा मी म्हणाले, "मी जिवंत असेपर्यंत माझ्या लेकाच्या ट्रकला कुणी भोकं पाडायची नाहीत." तू ताट तसंच ठेवून ड्यूटीवर गेलीस. कॉर्विन गेल्यापासून त्या ट्रकला मी कुणाला हात लावू दिला नाही, हे खरं. पण तुझी नवी नोकरी वायोमिंगला आहे आणि तिथे राहायला तो ट्रेलरच आहे, हेही खरंच. मग सकाळी उठून भोकं मीच पाडली. लेलंडने फक्त खालून नट धरले.

तू सांगितलेली साधी कडी बसवली नाही. आपल्या ट्रकचा हौदा आखूड आहे, अरुंद वळणावर ट्रेलरचं नाक केबिनच्या काचेत घुसेल. ही लेलंडकडची कडी मागे सरकते. तसं वळण आलं की आधी थांबून, उतरून डावीकडचा दांडा ओढायचा, परत केबिनमध्ये बसून ट्रेलरचे ब्रेक दाबून धरायचे आणि ट्रक हळूच पुढे घ्यायचा, की कडी मागे सरकते. हमरस्त्यावर मात्र ती पुढेच अडकवलेली हवी. उद्या निघालीस की पन्नास मैलांवर थांबून नट पुन्हा आवळ. पाना सीटखाली आहे.

लेलंड विचारत होता, "सून चालली सोडून?" मी म्हटलं, "नोकरीला चाललीय, मला सोडून नाही."

बरोबर सांगितलं ना मी?

वर्ला